कसदार माती, पण प्रजाती कमी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जंगलात किती प्रजाती नांदतात हे मातीवरही ठरतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कसदार मातीत प्रजाती घटतात हे अनुभवाला धरून नाही, प्राण्यांचा मातीशी संबंध मी ओढूनताणून जोडलाय, खरा फरक पाऊस आणि तापमानच पाडतात. शिवाय ‘मग सामू मोजला की जंगलातल्या प्रजाती कळतील का?’ असा टोलाही आहे. (सामू म्हणजे pH, मातीची आम्लता सांगणारा आकडा: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल.)

कसदार मातीत गवत भरघोस येतं हे खरंच, पण ते किती प्रकारचं येतं हा वेगळा हिशेब. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एकाच कुरणाच्या तुकड्यांना वेगवेगळी खतं दिली जातात. पाऊस तोच, ऊन तेच. खत न दिलेल्या तुकड्यांत ४० च्या आसपास वनस्पती सापडतात. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे नत्राचं (नायट्रोजनचं) खत भरपूर मिळालेल्या, आणि आम्लता कमी करणारा चुना न टाकलेल्या तुकड्यांत जेमतेम दोन-तीन. नत्रावर उंच गवतं माजतात आणि बुटक्यांचं ऊन अडवतात. वर अमोनियममुळे माती आम्ल होते, सामू ४ च्या खाली जातो, ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं. सोडियम नायट्रेटमधून नत्र दिलं तर माती आम्ल होत नाही. तिथेही प्रजाती घटल्या, पण एवढ्या नाहीत. म्हणजे दोन्ही कारणं खरी, आणि हवामानाचा त्यात हात नाही.

आता प्राणी. नेदरलँड्सच्या रेताड जंगलांत १९८० च्या दशकात ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ, सच्छिद्र निघू लागली. आम्लवर्षेने मातीतलं कॅल्शियम धुपलं होतं आणि गोगलगायी कमी झाल्या होत्या. अळ्या आणि बियांमधलं कॅल्शियम कवचाला पुरत नाही, मादीची भिस्त गोगलगायींच्या शंखांवर. संशोधकांनी शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे ठेवले, तेव्हा सदोष अंडी घटली. यात ओढूनताणून काय आहे, ते सांगा.

खंडांची तुलना करायची असेल तर पाऊस-तापमान आधी, हे मान्यच. पण पाऊस-ऊन सारखंच असलेल्या शेजारशेजारच्या जागांवर ते उत्तर अपुरं पडतं.

आणि सामूचं म्हणाल, तर नाही, तेवढ्याने कळणार नाही. जिवाणूंची विविधता साधारणपणे उदासीन सामूच्या आसपास सर्वाधिक असते. उलट दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात, जिथे पुष्कळशी माती आम्ल, रेताड आणि स्फुरदाला (फॉस्फरसला) महाग, तिथे सुमारे ९,००० प्रकारच्या वनस्पती आहेत. त्यामुळे मोजायचंच तर सामूसोबत स्फुरद आणि कॅल्शियमही मोजा, आणि कोणत्या जिवांसाठी मोजताय ते आधी ठरवा.