‘जुनी ई-वनच भली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मोबाइल टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या, ठरावीक क्षमतेच्या जुन्या ई-वन लाइनी काढून पॅकेट नेटवर्क (डेटा तुकड्या-तुकड्यांनी पाठवणारं) टाकण्याविरुद्ध एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय, ‘टॉवरमागच्या ई-वन लाइनी काढून पॅकेट नेटवर्क टाकणं म्हणजे उगाच खर्च. ई-वनवर आवाज तुटत नाही, टॉवरचं घड्याळ चुकत नाही, केबल तुटली तर 50 मिलिसेकंदांत रस्ता बदलतो. पॅकेटमध्ये यातलं काहीच नाही.’ कोकणातल्या टॉवर-टॉवरला रेडिओने जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंकवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

उगाच खर्च? एक ई-वन म्हणजे 2.048 एमबीपीएस, 30 कॉलच्या बेताने आखलेली. 4जीचा एक सेक्टर (टॉवरची एका दिशेची बाजू) 20 मेगाहर्ट्झवर, दोन अँटेनांनी, 150 एमबीपीएसपर्यंत जातो. त्याला 74 ई-वन लागतील, आणि टॉवरवर असे सेक्टर सहसा तीन. अनेक ई-वन एकत्र नेणाऱ्या अख्ख्या एसटीएम-1 लाइनमध्ये मावतात 63.

आवाजाचं म्हणाल, तर जिओने 2016 मध्ये सेवा सुरू केली तीच 2जी-3जीशिवाय. तिथला प्रत्येक कॉल पॅकेटमधूनच जातो. 50 मिलिसेकंदांचं उद्दिष्ट इथरनेट रिंगच्या (वर्तुळात जोडलेल्या पॅकेट लिंकच्या) जी.8032 या मानकातही आहेच.

घड्याळाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. बेस स्टेशनची फ्रिक्वेन्सी अब्जात 50 भागांपेक्षा जास्त हलून चालत नाही. ई-वनच्या बिटांबरोबर ही लय आपोआप यायची, साध्या इथरनेटवर येत नाही. ज्यांनी नुसते स्विच बदलून काम उरकलं, त्यांचे कॉल हँडओव्हरला, म्हणजे एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना, तुटले. म्हणून सिंक-इथरनेट (लिंकच्या सिग्नलमधूनच लय देणारं) आणि 1588 (पॅकेटमधून वेळ पाठवणारं मानक) लागतं, त्यात काटकसर करूच नये. पण टीडीडीवरच्या, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या, 4जी-5जीला नुसती लय पुरत नाही, वेळही दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते. ती ई-वन देतच नाही. 1588 देतं, किंवा टॉवरवरचा जीपीएस.

मेसेजमध्ये पावसाचा तर उल्लेखच नाही. आषाढात डोंगरावरच्या शेल्टरमध्ये (उपकरणांच्या खोलीत) लिंकला लॅपटॉप जोडून बसा. सर आली की 256 क्वाम या जास्त बिट भरणाऱ्या मॉड्युलेशनवरून (सिग्नलवर बिट चढवायच्या पद्धतीवरून) लिंक घसरत घसरत कमी बिटांच्या क्यूपीएसकेवर येते, क्षमता जेमतेम पाव उरते. पॅकेट लिंक नीट लावलेली असेल तर व्हिडिओ अडकतो, पण कॉलना आधी वाट मिळते आणि ते चालू राहतात. एकाच मॉड्युलेशनवर बांधलेल्या जुन्या लिंकवर सिग्नल मर्यादेखाली गेला की सगळ्या ई-वन एकदम लाल, म्हणजे बंद. खालच्या वाडीत कोणाला रात्री रुग्णवाहिका बोलवायची असली, तरी सर ओसरेपर्यंत फोन लागत नाही.