तोफ, वडे आणि आठ वर्षांचा करार

आमच्या पिस्कॅटवेच्या (अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने टाकलं, "रटगर्सने आता फुटबॉलमध्ये अजून गुंतवणूक केली पाहिजे." खाली पटापट अंगठे. रटगर्स म्हणजे आमच्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, आणि फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन धावायचा तो. मी तिथे गप्प बसलो. मागे ग्रुपवर वाद घातला होता तेव्हा गणपतीच्या आरतीला दोन कुटुंबं माझ्याशी बोलली नव्हती. म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

आधीच सांगतो, मी फुटबॉलचा वैरी नाही. बावन्न हजारांचं ते स्टेडियम माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये डिकी उघडून आम्ही वडे मांडतो. एकदा शेजारच्या गाडीतल्या पेन स्टेट या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या एका आजोबांनी लसणाची चटणी चमच्याने नुसतीच खाल्ली आणि मग अर्धा तास बिअर शोधत फिरले. रटगर्सचे गुण झाले की तोफ उडते, घोड्यावरचा तो लाल सरदार धावतो, आणि पन्नाशीचा मी लहान पोरासारखा ओरडतो. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनने आम्हाला घरच्या मैदानावर 78-0 असं धुतलं, तेव्हाही मी स्टँडमध्ये होतो. तोफ त्या रात्री गप्पच.

पण मी पोटासाठी हिशेब तपासतो, आणि "गुंतवणूक" हा शब्द कोणी असा सहज वापरला की माझं डोकं फिरतं.

अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना 1869 मध्ये इथेच, न्यू ब्रन्सविकमध्ये झाला. रटगर्सने प्रिन्सटनला 6-4 हरवलं. त्यानंतर खूप काळ या विद्यापीठाला फुटबॉलची फारशी हाव नव्हती. 2006 मध्ये मात्र नवल घडलं. देशात तिसऱ्या क्रमांकावरच्या लुइव्हिल विद्यापीठाला आम्ही 28-25 ने पाडलं, रटगर्ससाठी एम्पायर स्टेट बिल्डिंग लाल दिव्यांनी उजळली आणि इथल्या मोठ्या माणसांना स्वप्नं पडायला लागली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने तलवारबाजी, पोहणं, टेनिस, रोइंग असे सहा संघ बंद करायचं जाहीर केलं होतं. दोन वर्षांत स्टेडियम वाढवायला 10 कोटी 20 लाख डॉलर मंजूर झाले. 2014 मध्ये आम्ही बिग टेन या बड्या विद्यापीठांच्या लीगमध्ये, म्हणजे ओहायो स्टेट आणि मिशिगनच्या पंगतीत जाऊन बसलो. टीव्हीचा पैसा आला की सगळं फिटेल, असं तेव्हा सांगत होते.

पैसा आला, खोटं कशाला बोलू. 2022 मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरच्या वरचा करार केला. तरीही रटगर्सच्या अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटची तूट चालूच आहे. कोविडच्या 2020-21 या वर्षात तर ती 7 कोटी डॉलरच्या पुढे गेली. काही विद्यापीठाच्या तिजोरीतून, काही विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि काही विद्यापीठाकडूनच उचललेल्या कर्जातून, असं ते भोक बुजवलं जातं.

पैसा येऊनही का पुरत नाही? या खात्यांना भागधारक नसतात, लाभांश द्यायचा नसतो. आलेला पैसा खर्च करायचा, एवढाच नियम. आणि 2021 पर्यंत खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही देता येत नव्हतं. मग चांगला पोरगा आपल्याकडे ओढायचा कसा? इमारत बांधून आणि कोच विकत घेऊन. क्लेम्सन विद्यापीठाने 2017 मध्ये साडेपाच कोटी डॉलर घालून फुटबॉलवाल्यांसाठी जी वास्तू उभी केली, तिच्यात घसरगुंडी आहे. हो, घसरगुंडी. शिवाय मिनी गोल्फ, बोलिंग आणि केस कापायचं दुकान. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये जिंबो फिशर या कोचला काढलं, तर करारापोटी त्याचं सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलरचं देणं निघालं. काम न करण्याचे पैसे! आमच्या सोसायटीच्या वॉचमनला काढताना महिन्याभराच्या पगारावरून केवढी मीटिंग झाली होती, ते आठवलं.

आता 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला पहिल्या वर्षी सगळ्यांत मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. पोरांना मिळतंय ते योग्यच आहे, घाम त्यांचा. पण त्यासाठी कोचचा पगार कुणी कमी केला नाही. इमारतींचे हप्तेही आहेत तिथेच. जुन्या खर्चावर नवा खर्च चढला, एवढंच.

इथे कोणीतरी अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण काढणार. काढा. निक सेबन या कोचला त्यांनी 2007 मध्ये आठ वर्षांसाठी 3 कोटी 20 लाख डॉलरवर आणलं. त्याने सहा विजेतेपदं दिली आणि दहा वर्षांत विद्यार्थी सुमारे 25 हजारांवरून 38 हजारांवर गेले. त्यातले बरेचसे परराज्यातून, दामदुप्पट फी भरून आलेले. ती गुंतवणूक होती, मान्य. पण गंमत ऐका. 2019 मध्ये रटगर्सने ग्रेग शियानो या आपल्या जुन्या कोचला परत आणलं तेही आठ वर्षं आणि 3 कोटी 20 लाखांवरच. आकडा तोच. विजेतेपदाचं काय झालं ते शनिवारी माझ्याबरोबर येऊन बघा. बिग टेनमधल्याच इंडियाना विद्यापीठाचं उदाहरणही देऊ नका. वर्षानुवर्षं हरणाऱ्या त्या संघाने नवा कोच आल्यावर 2024 मध्ये 11 सामने जिंकले, पुढच्या हंगामात तर थेट राष्ट्रीय विजेतेपद. छान झालं. पण एका लीगमध्ये अठरा संघ असतील आणि अठराही जण पैसे ओततील, तरी शेवटचा नंबर कुणाचा तरी येणारच ना.

माझी एक भाची दुसऱ्या एका मध्यम दर्जाच्या सरकारी कॉलेजात शिकते, नाव राहू दे. तिचं फीचं बिल भरायला बसलो होतो. ट्यूशन, लॅब, आरोग्य आणि मग "अ‍ॅथलेटिक्स". तिला विचारलं, "सामने बघतेस का गं?" तर म्हणाली, "मामा, शनिवारी मी कॅफेत कामाला असते. फी भरायची असते ना."

2023 च्या एप्रिलमध्ये रटगर्सच्या प्राध्यापकांनी संप केला, विद्यापीठाच्या 257 वर्षांतला पहिला. तासिका तत्त्वावर शिकवणारे पोटापुरता पगार मागत होते. त्याआधीच्या वर्षी बातमी आली होती की फुटबॉल संघासाठी साधारण वर्षभरात डोअरडॅशवर, म्हणजे घरपोच जेवण मागवण्यावर, साडेचार लाख डॉलरच्या वर खर्च झाला. दोन्हीची पाकिटं वेगळी असतात, असं मला समजावून सांगणारे भेटतात. तूट भरताना मात्र हात त्याच एका पाकिटात जातो.

आणि यातून बाहेर पडता येतच नाही असंही नाही. शिकागो विद्यापीठ एकेकाळी बिग टेनमधलंच होतं, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराचा पहिला विजेता त्यांचा. 1939 मध्ये त्यांनी फुटबॉल बंद केला. तीन वर्षांनी त्यांच्या रिकाम्या स्टेडियमच्या स्टँडखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. पुढे 1969 मध्ये फुटबॉल परत सुरू केला, पण खालच्या श्रेणीत, झेपेल तेवढा.

रटगर्सने बंद करावा असं मी म्हणत नाही, माझं काळीज तेवढं घट्ट नाही. विद्यापीठ या खात्याला देतं ते प्रत्येक कर्ज आणि त्याची परतफेडीची तारीख फीच्या बिलामागे छापा, एवढंच म्हणणं आहे. आणि तोवर या खर्चाला गुंतवणूक म्हणू नका, हौस म्हणा.

सीझन तिकिटाचे पैसे काल भरले, बायकोला अजून सांगितलेलं नाही. पहिल्या सामन्याला वडे माझ्याकडे लागले, पाव कुणीतरी आणा.