संपादक व्हायचंय? आधी एक प्रकरण फुकट करून द्या

मराठी बरं लिहिता, भरपूर वाचता आणि व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छांमध्ये ‘शिक्षक दीन’ दिसला की दिवस खराब जातो? अभिनंदन. संपादक व्हायला एवढं पुरतं. तुमचं शिक्षण कुणी विचारणार नाही, कारण हे काम आहे असंच मुळात कुणाला वाटत नाही.

रचना बघणं, भाषा नीट करणं, तपशील पडताळणं आणि शेवटी प्रुफं वाचणं ही निरनिराळी कामं आहेत असं जुनीजाणती माणसं सांगतील. विसरा. तुमच्याकडे येणाऱ्याच्या लेखी ती सगळी मिळून एकच आहेत : ‘जरा नजर टाका.’ पैसेही एका नजरेचेच.

शुद्धलेखनाचे नियम पाठ करा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४, १९७२ साली आणखी ४, एकूण १८. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, हे लेखकाला समजावून सांगा. तो स्वतः कवी असेल तर नका सांगू.

जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणली की जोडाक्षरं फुटतात. ती जुळवत बसा. हे संपादनात धरत नाहीत.

‘आता हे एआय करतं ना?’ असं कुणी म्हणालं की मान डोलवा. एआयनं केलेलं निस्तरायलाच तुम्हाला बोलावलेलं असतं.

प्रुफं वाचताना १६३१ साल आठवा. लंडनमध्ये छापलेल्या बायबलात ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला नकारच गळला, आणि ३०० पौंडांचा दंड झाला तो मुद्रकांना. मुद्रकांना! आज फोन कुणाला आला असता, ते सांगायला नको.

आता धंद्यात शिरण्याचा राजमार्ग : चाचणी. प्रकाशनसंस्थेला मेल टाका. उत्तर तातडीनं येतं आणि गोड असतं. ‘चाचणी म्हणून एवढं एक प्रकरण करून द्याल का?’ द्या की. पान-दोन पानं नव्हे, अख्खं प्रकरण. मीही दिलं. अनुवादित चरित्र होतं, असं काम करायची हौस होती. सनावळ्या तपासल्या, लंगडी वाक्यं उभी केली, एका परिच्छेदात वारलेले गृहस्थ पुढच्यात पत्र लिहीत होते, त्यांना आवरलं. मग ‘कळवतो’. मग तेही नाही. परवा ते पुस्तक दुकानात दिसलं. माझं प्रकरण जसंच्या तसं, स्वल्पविरामांसकट! बाकीची चाळली. एका प्रकरणात ‘दुसरं महायुद्ध’, पुढच्यात ‘द्वितीय विश्वयुद्ध’. इकडे ‘केलं, गेलं’, तिकडे ‘केले, गेले’. नायकाची आत्या पान उलटताच मावशी झालेली. म्हणजे प्रत्येक प्रकरण वेगळ्या उमेदवाराच्या गळ्यात मारलेलं, अख्खं पुस्तक चाचण्यांवर काढलेलं! कुठलं नाव कसं लिहायचं, कुठे अंक आणि कुठे अक्षरं, याची यादी ठेवायला पुस्तक एका हातात तरी असावं लागतं. आणि आत छापलंय काय, तर ‘संपादन : संपादक मंडळ’. कसलं मंडळ? एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या, दमडी न मिळालेल्या माणसांचं?

असो. पुढची सूचना. दर विचारू नका, अपमान होतो. त्यांचा.

पुस्तकात नाव मागू नका. मनोगतात मांजराचे आभार असतात, ते वाचून आनंद माना.

नाही, पुरे झालं. प्रकाशकहो, कागदाचे पैसे देता, छपाईचे देता, मुखपृष्ठाचे देता, मग इथेच हात का आखडतो? माणूस पारखायचाय ना? दोन पानं द्या, सगळ्यांना तीच द्या, आणि छापायच्या पुस्तकातली देऊ नका. त्याहून जास्त हवं असेल तर मोबदला आधी ठरवा. आणि नव्यानं येणाऱ्यांनो, ‘ओळख होईल’ म्हणत प्रकरणंच्या प्रकरणं उपसून देणं थांबवा. तुम्ही फुकट करता म्हणून दुसऱ्याला दर सांगता येत नाही. किती शब्द, कशासाठी, पैसे किती, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर फाइल उघडूसुद्धा नका. तुमचं काम छापलेलं सापडलं तर सरळ बिल पाठवा. मी पाठवलं. ‘चाचणीचे पैसे देण्याची आमच्याकडे पद्धत नाही’ असं उत्तर आलं. चाचणी छापून विकायची पद्धत मात्र आहे! बिल पुन्हा पाठवलंय.