सोफा जुना असल्याचा दाखला

आयुष्यभर आपण पाहुण्यांना सोफ्याची चांगली बाजू दाखवत आलेलो असतो. डाग असेल तिथे उशी ठेवायची, उसवलं असेल तिथे शाल टाकायची. मग परदेशी बिऱ्हाड हलवायचं ठरतं, कस्टमची नियमावली हातात पडते आणि त्याच उशा, शाली बाजूला सारून डागाचा जवळून फोटो काढायची वेळ येते. उजेड नीट हवा, डाग स्पष्ट दिसला पाहिजे.

नियम तसा दयाळू आहे. माणूस एका देशातून दुसऱ्या देशात राहायला निघाला, तर त्याच्या वापरातल्या घरसामानावर बहुतेक देश ड्युटी, म्हणजे आयात कर, लावत नाहीत. वस्तू वापरलेली आहे एवढं फक्त पटवून द्यायचं. किती वापरलेली, यावर मात्र देशादेशांचं एकमत नाही. युरोपीय संघात जुनं घर सोडण्याआधी वस्तू किमान 6 महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते, शिवाय तुम्ही स्वतः सलग 12 महिने संघाबाहेर राहिलेलं असावं लागतं. अमेरिका घरसामानासाठी वर्षभराचा वापर मागते. ऑस्ट्रेलियाही 12 महिन्यांच्या खाली यायला तयार नाही. आम्ही युरोपात निघालो होतो. ऑस्ट्रेलियात राहणारी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू सहा महिन्यांत सुटलास. मजा आहे तुझी!"

मजा गादीपाशी संपली. गादी आम्ही नुकतीच घेतली होती, तीही माझ्या पाठीसाठी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि चांगली महागातली. बायकोने तोडगा काढला, "मुलांना नाचू दे ना तिच्यावर आठवडाभर. होईल जुनी." मुलं तयारच होती. पण कायद्याला गादीच्या तब्येतीशी देणंघेणं नाही, त्याला तारीख लागते. जपून जपून वापरलेली वस्तू वर्षांनी जुनी होते आणि मुलांनी तुडवलेली गादी कागदावर कोरीच राहते. बरं, गादी मागे ठेवून नंतर मागवावी, तर तेही नाही. सहा महिने मोजायचे ते जुनं घर सोडण्याच्या तारखेपर्यंत. म्हणजे उपाय एकच, गादी वयात येईपर्यंत आपण निघायचं नाही. नव्या नोकरीतल्या साहेबांना हे कारण कसं कळवायचं यावर बराच विचार केला आणि शेवटी गादी मेहुण्याला देऊन टाकली. त्याची पाठ ठणठणीत आहे.

बाकीच्या सामानाची बिलं शोधायला घेतली. नको ती सगळी बिलं सापडतात, हा अनुभव प्रत्येकाचा असेल. मोडून फेकलेल्या पंख्याचं वॉरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं होतं. सोफ्याचं बिल मात्र कुठेच नाही. कस्टममधून सामान सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट म्हणाला, "सर, बिल नसलं तर जुना फोटो तरी काढून ठेवा. विचारलंच तर दाखवता येईल." म्हणून घरातले सगळे अल्बम आणि फोन काढून बसलो. आपल्या कुटुंबाचा इतिहास सोफ्याच्या नजरेने बघायची संधी क्वचितच मिळते. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा एक फोटो आहे, त्यात मुलाचं अर्धं तोंड फुग्याआड गेलंय आणि मागे सोफा मात्र डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत लख्ख आलाय. एरवी हा फोटो आम्ही कुणाला दाखवत नव्हतो. आता तो फायलीत पहिल्या पानावर लागला. एका चांगल्या फोटोत काका बरोबर डागावर बसले होते. बायको म्हणाली, "हा नको. काका दिसतायत, पुरावा झाकला गेलाय." बिचारे काका दिलखुलास हसत होते.

पॅकिंग लिस्ट हे त्याहून मोठं प्रकरण. पॅकिंगवाली पोरं हुशार आणि झपाट्याची. एकाने ड्रॉवर उचलून तसाच खोक्यात उपडा केला, टेप मारली आणि वर मार्करने लिहिलं, 'किरकोळ'. अशी तीन-चार खोकी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. एजंटाने यादी पाहिली आणि कपाळावर हात मारला. कस्टमच्या माणसाला 'किरकोळ' दिसलं की त्याला त्यात काहीही दिसू शकतं, आणि मग तो खोकं उघडतो. परत टेप फाडली. आत निघालं ते असं: दोन कात्र्या, एक बंद घड्याळ, कुलूप नसलेल्या किल्ल्या, किल्ली नसलेलं कुलूप, कुठल्याच यंत्राचे नसलेले स्क्रू. हे सगळं ओळीने लिहायचं, पुढे नग लिहायचे आणि त्यापुढे किंमत. बंद घड्याळाची किंमत काय लावणार? मी शून्य लिहिलं. एजंट म्हणाला शून्य चालत नाही, शून्य किमतीची वस्तू कुणी समुद्रापार कशाला नेईल? प्रश्न बिनतोड होता. बायकोही माझ्याकडे त्याच प्रश्नाने बघत होती.

किमतीचा खरा घोळ पुढे आहे. एक यादी कस्टमसाठी, त्यात वस्तूची आजची, वापरून झिजलेली किंमत. दुसरी विम्यासाठी, त्यात तीच वस्तू नव्या गावी नवी घ्यायची झाली तर काय पडेल ते. दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच रात्री, एकाच पेनने भरायचे. डाव्या कागदावर माझा सोफा केविलवाणा, उजव्या कागदावर तोच सोफा राजेशाही. विम्याची रक्कम कमी लिहावी तर नुकसान झाल्यावर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. सवलत मिळाली नाही, तर डावीकडचा आकडाही आपल्याला वाटतो तेवढा लहान राहत नाही. युरोपात ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, तिच्यात जहाजभाडं आणि विमा मिळवून त्या बेरजेवर लागते. वर त्या ड्युटीसकट सगळ्यावर व्हॅट. म्हणजे सोफा नेण्याचं भाडं सोफ्याहून जास्त असेल, तर आपण भाडं दिल्याबद्दलही कर भरायचा. हे गणित वाचल्यावर दोन खुर्च्या आणि एक टीपॉय शेजारी देऊन टाकले.

बहिणीचं ऐकून मात्र आमचं बरं चाललंय असं वाटायचं. तिच्याकडे ड्युटीपेक्षा माती मोठी. बुटाच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला, बागेच्या खुरप्याला चिकटलेली माती चालत नाही. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी रिकामी पाहिजे. वेताची टोपली, गवताचा झाडू बघून तिथले, बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून बसवलेले अधिकारी थांबतातच. तिने बूट दात घासायच्या ब्रशने घासले होते. सामान कस्टमला जुनं दिसायला हवं आणि या कीडवाल्यांना नवंकोरं, असं ती चिडून सांगत होती. लाकडी क्रेट असेल तर तिची निराळी तऱ्हा. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटं तापवून किंवा ठरलेली धुरी देऊन तसा शिक्का मारलेलंच पॅकिंगचं लाकूड बहुतेक देश आत घेतात. आमच्या घरातलं आरसा ठेवायचं खोकं तेवढं कधीच तापलं नव्हतं, त्यामुळे आरसा ब्लँकेटमध्ये गुंडाळून गेला.

पूर्ण कंटेनर आमच्या बजेटात नव्हता. वीस फुटी कंटेनरच्या आत साधारण 33 घनमीटर जागा असते, आमचं सामान त्याच्या चौथाईएवढंही नव्हतं. म्हणून चार बिऱ्हाडांत मिळून एक. यात भाडं वाचतं, पण चौघांचं नशीब एकत्र बांधलं जातं. एकाच्या कागदात खोट निघाली तर चौघांच्या गाद्या बंदरात, आणि मुदतीनंतर तिथला मुक्काम फुकट नसतो. त्या तिघांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांनी आपापल्या याद्यांत 'किरकोळ' लिहिलं नसावं म्हणून मनापासून प्रार्थना केली.

विम्याच्या कागदात बारीक अक्षरात 'जनरल अ‍ॅव्हरेज' नावाचं एक कलम होतं. मी ते सरासरीचं काहीतरी समजून पुढे जात होतो. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च आला, तर तो जहाजाचा मालक आणि मालवाले यांनी वाटून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा पुढे हेच कलम लागू झालं होतं. जहाजात कुणाची तरी जुनी खुर्ची असेलच. तिच्या मालकाला किती आश्चर्य वाटलं असेल! खुर्ची बसायला घेतली आणि भरायला लागली जहाजाची वर्गणी.

आमचं सामान सुखरूप पोचलं. सोडवताना अधिकाऱ्याने फाइल चाळली, पहिल्या पानावरच्या वाढदिवसाच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलगा केवढा झाला आता?" सोफ्याबद्दल अवाक्षर नाही.

सवलतीच्या कागदावर एक शेवटची अट होती. ड्युटी न भरता आणलेली वस्तू पुढचे 12 महिने, कस्टमला आधी कळवल्याशिवाय, विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, गहाण ठेवायची नाही आणि उसनीही द्यायची नाही. हे शेवटचं वाचून मी दोनदा चष्मा पुसला. वस्तू उसनी न द्यायला सरकारी आधार! त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ शिडी मागायला आले. मी अदबीने कागद आणून कलमावर बोट ठेवलं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मग उसनी नका देऊ. तुम्हीच घेऊन या आणि तुम्हीच चढा. दिवा छताला आहे."