तिरक्या रेघेने खाल्लेली संध्याकाळ

‘फ्री फॉरमॅट’ हे शब्द आमच्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये ज्याने छापले, त्याला एकदा रबाळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीवर बसवावे, अशी माझी फार इच्छा आहे. आकडे कोणत्याही रकान्यात लिहा, मध्ये हवी तेवढी जागा सोडा, प्रोग्राम समजून घेईल, असे त्यात ऐटीत म्हटले आहे. प्रत्यक्षात तो स्वतःच्या मनाने भलतेच समजून बसतो आणि वर चकार शब्द काढत नाही.

परवा झिंक ऑक्साइडच्या पावडरचे रीटवेल्ड रिफाइनमेंट करायचे होते, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची स्थाने धरून काढलेला आलेख पावडरच्या क्ष-किरण आलेखाशी जुळवायचा होता; नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात देतात ते काम. जस्ताच्या अणूचे स्थान पुस्तकात १/३, २/३, ० असे असते, तसेच मी टाइप केले. आमचा प्रोग्राम ज्या फोर्ट्रान भाषेत लिहिला आहे, तिच्या फ्री फॉरमॅटमध्ये मात्र तिरकी रेघ म्हणजे भागाकार नव्हे; ‘वाचन इथेच थांबवा, उरलेल्या किमती होत्या तशाच राहू द्या’ अशी ती आज्ञा असते. त्यामुळे स्थानाचा पहिला निर्देशक १ झाला आणि बाकीचे दोन आधीच्या शून्यावरच राहिले. ऑक्सिजनच्या १/३, २/३, ०.३८२ या ओळीचेही तेच झाले आणि दोन्ही अणू एकाच बिंदूवर जाऊन बसले. ठाणे-वाशी लोकलमध्ये संध्याकाळी सहा वाजतासुद्धा दोन माणसांत थोडे अंतर उरते! त्यातून, या स्पेस ग्रुपमध्ये (म्हणजे स्फटिकाच्या सममितीच्या प्रकारात) खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही स्थानांवर एका एकक कोशात, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्यात, दोनच अणू बसतात, म्हणून रासायनिक सूत्रही बरोबर आले आणि शंका घ्यायला जागाच उरली नाही. चार तास मी शिखरांच्या आकाराला, पार्श्वभूमीला आणि बिचाऱ्या नमुन्याला दोष देत बसले.

गेल्या महिन्यात तर बाहेरून आलेल्या फाइलमध्ये दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम होता. ‘३,२४९८ ५,२०६६’ या ओळीतून प्रोग्रामने एकक कोशाच्या a आणि c या बाजू ३ आणि २४९८ अँगस्ट्रॉम अशा वाचल्या आणि एवढा ताडमाड एकक कोश निमूटपणे गिळला.

पंचकार्डांच्या काळातले ठरावीक रकाने जाचक होते, हे मला मान्य आहे. पण तिथे रकाने मोजावे लागतात हे प्रत्येकाला ठाऊक तरी होते. शेलेक्स या स्फटिकरचनेच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये निर्देशक स्थिर ठेवण्यासाठी त्यात १० मिळवावे लागतात, हाही चमत्कारिकच प्रकार, पण तो आपण जाणूनबुजून करतो. इथे मात्र मोकळीक आमची म्हणायची आणि मनमानी प्रोग्रामची. ओळ आधी मजकूर म्हणून वाचावी, त्यातले आकडे मोजावेत आणि तीनऐवजी एकच मिळाला तर ओरडून थांबावे, एवढे लिहायला प्रोग्रामरचा कितीसा वेळ गेला असता?

“मॅडम, मॅन्युअलच्या परिशिष्टात आहे ते,” असे आमच्या ज्युनिअरने रात्री साडेनऊला सांगितले. ०.३३३३३३ आणि ०.६६६६६७ टाइप करायला मला दहा सेकंद लागले.