मावशींचाही रविवार

शब्बाथवरच्या (बायबलमधला आठवड्याचा विसाव्याचा दिवस) एका लेखात, शब्बाथ म्हणजे रविवारी मोबाइल बंद ठेवून मन शांत करणं, असं म्हटलंय. मला हे अपुरं वाटतं. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात विसाव्याचं कारण सृष्टीची निर्मिती आहे, पण ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात ते इस्राएली लोकांनी मिसरात (इजिप्तमध्ये) भोगलेली गुलामी आहे. तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. आम्ही ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चमधून सकाळची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) करून घरी यायचो, तेव्हा घरकामाच्या मावशी आमची कालची भांडी घासत असायच्या. पाण्याने बोटं पार सुरकुतलेली. एका रविवारी ते फार टोचलं. आता शनिवारी रात्रीच भांडी आम्ही घासतो, रविवारी पिठलं-भात, आणि मावशींना सुट्टी, पगार न कापता. (गिरणी कामगारांनाही रविवार आपोआप नाही मिळाला, १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्याने मिळाला.) यजमानांची ऐरोलीत शिफ्ट असते, बऱ्याचदा रविवारीच. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचंच म्हणणं. म्हणून त्या आठवड्यात ते शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जातात आणि विसावा मंगळवारी घेतात. त्या दिवशी मीही कपाटं आवरायला काढत नाही. संध्याकाळी दोघं तलावाला एक फेरी मारून येतो.