जुन्या टार्गेट पिस्तुलाचा भाव: फिरत्या संदेशातील चुका

अमेरिकेतील मराठी नेमबाजांच्या व्हॉट्सअॅप गटांमधून ‘जुन्या टार्गेट पिस्तुलाची किंमत कशी ठरवावी’ असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पिस्तूल जितके जुने तितके दुर्मीळ; विकण्याआधी पॉलिश करून नवे ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर, करून घेतले की भाव दुप्पट होतो; संकेतस्थळावर दिसणारी सर्वांत मोठी रक्कम म्हणजे बाजारभाव; हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, काडतुसे झाडून पाहणे हीच खरी परीक्षा; मूळ खोका असेल तर जास्त पैसे मिळतात; आणि 50 वर्षांहून जुने पिस्तूल ‘अँटिक’ असल्याने कागदपत्रे लागत नाहीत. ओहायोतील माझ्या मावसभावाने हा संदेश वाचला आणि त्याच्या क्लबातील एका दिवंगत सदस्याच्या पत्नीला त्यांचे कोल्ट वुड्समन (कोल्ट कंपनीचे जुने .22 टार्गेट पिस्तूल) विकायला मदत करताना ते ब्लूइंगसाठी कारागिराकडे पाठवण्याची तयारीही केली. एका विधवा बाईंचे शेकडो डॉलरचे नुकसान केवळ एका फॉरवर्डमुळे होणार होते, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा ब्लूइंगचा आहे. संग्राहक जुन्या पिस्तुलासाठी जे पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा कारखान्यातून निघालेल्या मूळ झिलईचा असतो. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ या भावपुस्तिकेची सारी मांडणीच मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे यावर उभी आहे. 98 टक्के, 95 टक्के, 90 टक्के असे उतरते रकाने आणि त्यानुसार उतरती किंमत. नव्याने ब्लूइंग केलेले पिस्तूल कितीही चकचकीत दिसले तरी ते 100 टक्क्यांच्या रकान्यात जात नाही, कारण त्याची मूळ झिलई शून्य टक्के उरलेली असते. संग्राहकांच्या व्यवहारात असे पिस्तूल मूळ झिलईच्या चांगल्या नगाच्या साधारण निम्म्या भावाला, कित्येकदा त्याहूनही कमी भावाला जाते. म्हणजे संदेश ज्याला दुप्पट म्हणतो ते प्रत्यक्षात निम्मे आहे, शिवाय कारागिराची मजुरी वेगळी.

हे काम लपत नाही, हेही सांगितले पाहिजे. नवे ब्लूइंग चढवण्यापूर्वी पोलाद बफिंगच्या चाकावर घासावे लागते आणि नुकसान होते ते तिथेच. वुड्समन उजेडात तिरपे धरून पाहावे. मूळ नगावर कोल्टचे बोधचिन्ह असलेल्या उधळलेल्या घोड्याच्या आणि अक्षरांच्या कडा बोटाला जाणवतील इतक्या धारदार असतात. घासलेल्या नगावर त्या बुजतात, स्क्रूच्या छिद्रांचे काठ बशीसारखे खोलगट होतात आणि सपाट बाजूंवर पडलेले उजेडाचे प्रतिबिंब सरळ न राहता लहरत जाते. वापराच्या खुणाही बोलतात. प्रामाणिकपणे वापरलेल्या पिस्तुलाची झिलई नळीच्या तोंडाशी, धारदार कडांवर आणि मुठीच्या पुढच्या बाजूला आधी विरते. तिथे गडद, एकसारखा रंग असेल आणि स्क्रूंच्या खाचा मात्र पेचकसाने फाटलेल्या असतील, तर जाणकार ग्राहक पिस्तूल खाली ठेवतो. विरलेले, तपकिरी छटा आलेले मूळ ब्लूइंग हा दोष समजून पुसून टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने पैसे घालवणे आहे. तेलाचा हलका हात आणि मऊ कापड, याच्यापलीकडे विक्रेत्याने काहीही करू नये.

मुठीबाबतही हाच अविचार दिसतो. ‘जुनी मूठ काढून सुंदर नवी लाकडी मूठ बसवावी’ असे संदेशात सुचवले आहे. 1938 साली आलेल्या मॅच टार्गेट ‘बुल्सआय’ वुड्समनला अक्रोडाच्या लाकडाची, हाताला वेढून बसणारी एकसंध मूठ असे, जिला संग्राहक ‘एलिफंट इअर’ म्हणतात. ती मूळ मूठ आज इतकी मागितली जाते की तिच्या नकला बाजारात आल्या आहेत. ती काढून टाकलेला नग आणि मूळ मुठीसह असलेला नग यांच्या भावात मोठी तफावत पडते. मॅगझिनचे, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचेही तसेच. वुड्समनच्या तीन मालिका आहेत, 1915 ते 1947, 1947 ते 1955 आणि 1955 ते 1977. पहिल्या व तिसऱ्या मालिकेत मॅगझिन सोडवण्याची कळ मुठीच्या तळाशी आहे, तर दुसऱ्या मालिकेत चापाच्या कड्यामागे बटण आहे. चुकीच्या मालिकेचे मॅगझिन सोबत असेल तर ते पिस्तुलाचे नाही, आणि भाव ठरवताना योग्य मॅगझिनचा खर्च वजा करावाच लागतो.

हाय व्हेलॉसिटी काडतुसांनी ‘परीक्षा’ घेण्याचा सल्ला तर वस्तूच मोडणारा आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून कोल्टने 1915 पासून बनवलेले हे पिस्तूल सुरुवातीला साध्या वेगाच्या .22 लाँग रायफल काडतुसासाठी होते. हाय व्हेलॉसिटी काडतुसे बाजारात आल्यावर, 1932 च्या सुमारास, कोल्टने मुठीच्या मागील मेनस्प्रिंग हाउसिंग (मुख्य स्प्रिंग जिच्यात बसते तो भाग) बदलून अधिक मजबूत केला. ओळख सोपी आहे: तळहाताचा वरचा भाग टेकतो तिथे जुन्या हाउसिंगवर चौकडीची नक्षी आहे, तर नव्यावर आडव्या रेषा आहेत. चौकडीच्या नक्षीचे पिस्तूल हातात घेऊन त्यातून वेगवान काडतुसे झाडणे म्हणजे 90 वर्षे टिकलेली वस्तू केवळ खात्री करून घेण्यासाठी धोक्यात घालणे होय. परीक्षा घ्यायचीच असेल तर पिस्तूल रिकामे असल्याची खातरजमा करून नळीत उजेड टाकावा, आतील चऱ्या आणि चेंबरची (काडतूस बसते त्या जागेची) कड पाहावी. रिकामा चाप ओढत राहिल्यामुळे फायरिंग पिनचा (काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीचा) घाव चेंबरच्या कडेवर उमटलेला असतो काय, हे एका भिंगाने कळते.

‘जुने म्हणजे दुर्मीळ’ या वाक्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. 1977 साली उत्पादन थांबेपर्यंत वुड्समनचे 6 लाखांहून अधिक नग बनले. वयामुळे किंमत येत नाही. कोणता प्रकार, किती मूळ अवस्थेत आणि आज मागणारे किती, यावरून ती येते. अवस्थेसाठी नॅशनल रायफल असोसिएशन या अमेरिकेतील शस्त्रधारकांच्या संघटनेचे निकष वापरले तर वाद कमी होतात. त्यांच्या भाषेत ‘एक्सलंट’ म्हणजे फारच थोडे वापरलेले, लाकूड व धातूवर नजरेत भरणारा डाग नसलेले, आणि तोंडाशी वा कडांवर सोडल्यास ब्लूइंग जवळजवळ निर्दोष असलेले शस्त्र. विक्रेते ज्याला सर्रास ‘एक्सलंट’ म्हणतात ते बहुतेक वेळा फार तर ‘व्हेरी गुड’ असते.

सर्वांत मोठी रक्कम म्हणजे बाजारभाव, हे म्हणणेही तितकेच निराधार आहे. मागितलेली रक्कम ही मालकाची इच्छा असते. भाव म्हणजे जी रक्कम कोणीतरी प्रत्यक्ष दिली ती. म्हणून पूर्ण झालेल्या लिलावांचे आकडे पाहावेत, तेही त्याच मालिकेच्या, त्याच लांबीच्या नळीच्या आणि तशाच अवस्थेच्या नगांचे. त्यातही सावधपणा हवा. समजा, हातोडा 1000 डॉलरवर पडला, ग्राहकाचा अधिभार 20 टक्के आणि विक्रेत्याकडून घेतले जाणारे कमिशन 15 टक्के आहे; मग घेणाऱ्याने 1200 दिले आणि विकणाऱ्याच्या हाती 850 आले. ओळखीतल्या दोघांनी लिलावघर टाळून व्यवहार केला तर रास्त किंमत या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बसते, आणि माझ्या मते ती विकणाऱ्याच्या बाजूला झुकवण्यात काही गैर नाही, विशेषतः विकणाऱ्याला या वस्तूची माहिती नसेल तेव्हा.

खोक्याबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे, हे मान्य करतो. त्याच सीरियल क्रमांकाचा मूळ खोका आणि माहितीपत्रक सोबत असेल तर किंमत खरोखर वाढते. पण नुसता त्या काळातला रिकामा खोका स्वतंत्रपणे विकत मिळतो. तो कोणत्याही पिस्तुलाशेजारी ठेवून जास्त रक्कम मागता येते, म्हणून क्रमांक जुळत नसेल तर खोक्याचे मोल खोक्यापुरतेच धरावे. नग महागडा असेल तर कोल्टच्या अभिलेखागाराकडून पत्र मागवावे. पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कोणाकडे रवाना झाले, हे त्यात येते आणि निम्मे तंटे तिथेच मिटतात.

राहता राहिला कागदपत्रांचा मुद्दा, आणि तो वाचून मला संताप आला. अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार अँटिक म्हणजे 1898 किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र. वुड्समनचा पहिला नगच 1915 चा, तेव्हा एकही वुड्समन या व्याख्येत बसत नाही. 50 वर्षांची अट आहे ती ‘क्युरिओ अँड रेलिक’, म्हणजे संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या, वर्गासाठी, आणि त्या वर्गातले शस्त्र कायद्याने शस्त्रच राहते. मावसभाऊ ओहायोत आणि ग्राहक दुसऱ्या राज्यात असेल तर हे पिस्तूल सर्वसाधारणपणे ग्राहकाच्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्यामार्फत हस्तांतरित करावे लागेल. आपल्या राज्याचे नियम काय आहेत, हे त्याच विक्रेत्याला आधी विचारावे आणि त्याची फी किमतीच्या बोलणीतच धरावी. ज्यांनी ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे त्यांनी निदान हे एक वाक्य चुकीचे असल्याचे त्याच गटांत आजच कळवावे.